संगणकीय नोंद आणि प्राथमिक शिक्षकाचे काम : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्राथमिक शिक्षकाच्या कामाची तपासणी ही आजकालची गोष्ट नव्हे. शाळेच्या कपाटात हजेरीपट, दाखल-खारीज नोंदवही आणि पाठांची टाचणे यांच्या जोडीला एक शेरेबुक असे. तपासणीस आलेला अधिकारी निघण्यापूर्वी त्यात चार ओळी लिहून खाली सही करी. तिसरीचे वाचन बरे आहे, हिशेब कच्चे आहेत, दुसऱ्या खोलीत पावसाचे पाणी गळते, शिक्षकांनी फळ्याचा उपयोग अधिक करावा, अशा धाटणीचे ते शेरे असत. त्यांतून कोणावर अन्याय होत नसे असे नाही. अधिकाऱ्याचा लोभ वा राग, आणि क्वचित दुपारच्या जेवणाची व्यवस्था, यांचाही परिणाम शेऱ्यावर होई, हे जुन्या शिक्षकांना चांगले ठाऊक होते. तथापि भाषेच्या दृष्टीने पाहिले असता शेरा हे एक वाक्य होते. ते कोणी तरी कोणाला तरी उद्देशून लिहिलेले असे, त्यात एका वर्गाविषयी काही विधान असे, आणि त्या विधानाला उत्तर देता येत असे.

गेल्या दहा-बारा वर्षांत या वाक्याची जागा रकान्याने घेतली आहे. रकान्यात आकडा बसतो, दिनांक बसतो, 'होय' किंवा 'नाही' बसते. 'परंतु' बसत नाही. या पालटामुळे प्राथमिक शिक्षकाच्या कामाचे स्वरूप कोठे आणि कसे बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. नोंदीच्या भाषेला जेवढे सांगता येते तेवढेच काम हळूहळू काम म्हणून मोजले जाते, आणि नोंदीला पद, वेतन किंवा श्रेणी जोडली गेली की शिक्षकाचे उत्तरदायित्व मुलाकडून नोंदीकडे सरकू लागते, असे येथील प्रतिपादन आहे.

हिंगोली जिल्हा यासाठी घेण्याचे कारण त्याच्या भाषिक घडणीत आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ११,७७,३४५. हळदीची बाजारपेठ, औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचे नर्सी यांमुळे तो महाराष्ट्राला परिचित आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदांची स्थापना झाल्यावर येथील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळेची भाषा मराठी. पण शाळेत येणाऱ्या मुलांची भाषा सर्वत्र तीच नाही. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, मुस्लिम वस्त्यांत दखनी वळणाची उर्दू, आणि कळमनुरी-औंढ्याच्या बाजूला आंध आदिवासींची मराठीच्याच कुटुंबातील निराळी बोली. शिवाय दिवाळीनंतर उसाच्या तोडणीसाठी व वीटभट्ट्यांसाठी कुटुंबे बाहेर पडतात तेव्हा मुलेही त्यांच्याबरोबर निघतात. ज्या वर्गाचे वर्णन एका वाक्यातही पुरे होत नाही, त्याचे वर्णन रकान्यात करावयाचे आहे, हे पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवले पाहिजे.

संगणकीय नोंदीचा आग्रह शासनाने उगाच धरला असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. कागदी हजेरीपट खोटे बोलत होता, आणि ते उघड झाले ते हिंगोलीच्या शेजारच्याच जिल्ह्यात. २०११ मध्ये नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांची पटपडताळणी हाती घेतली, तेव्हा कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले मोठ्या संख्येने आढळली. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत सर्व राज्यात एकाच वेळी मोजणी झाली. तेच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावण्यात आली. खोट्या पटावर तुकड्या, तुकड्यांवर पदे आणि पदांवर अनुदान असा तो व्यवहार होता. त्याचा मोठा भाग खाजगी संस्थांशी निगडित होता. परंतु मोजणीतून जो अविश्वास जन्मला तो सर्वांच्या वाट्याला सारखाच आला. आकडा पुरेसा नाही, प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद हवी, ही मागणी तेथून बळावली.

२०१५ मध्ये 'सरल' ही प्रणाली आली आणि त्याच वर्षी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रमही सुरू झाला. सरलमध्ये शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची माहिती नावनिशीवार भरावयाची होती. वेतनासाठी 'शालार्थ' आधीपासून होतेच. केंद्र शासनाची यू-डायस ही वार्षिक माहिती पूर्वी शाळेच्या एकूण आकड्यांत दिली जाई. यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून तीही एकेका मुलाची झाली. याखेरीज पोषण आहार घेणाऱ्या मुलांची रोजची संख्या, शाळासिद्धीचे ७ क्षेत्रांतील ४६ मानकांवरील स्वयंमूल्यमापन, निष्ठा प्रशिक्षणाची संगणकीय प्रमाणपत्रे, २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुण, डिसेंबर २०२३ पासून स्विफ्टचॅट या ॲपवरील रोजची हजेरी, आणि अलीकडे प्रत्येक मुलासाठी 'अपार' हा बारा अंकी क्रमांक, इतक्या वाटांनी माहिती वर जाते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिक नसतो. हे सर्व शिक्षकच करतो. बहुधा स्वतःच्या मोबाईलवर, स्वतः पैसे भरलेल्या जोडणीवरून, आणि गावात जेथे संपर्क मिळेल तेथे उभे राहून.

या प्रणालींपैकी एकीचेही नाव 'शिक्षक कार्यमूल्यमापन' असे नाही, हे विशेष आहे. प्रत्येकीचा घोषित हेतू निराळा आहे : मुलांची गणना, आहाराचा हिशेब, चाचणीचे विश्लेषण. पण त्या एकत्र आल्या म्हणजे शिक्षकाचे चित्र त्यांतूनच तयार होते. कोणत्या शाळेने हजेरी भरली नाही, कोणाच्या वर्गाचे गुण अपुरे आहेत, कोणाची आधार-पडताळणी मागे आहे, याच्या याद्या केंद्राच्या व्हॉट्सॲप समूहावर येतात आणि तेथे त्या सर्वांसमक्ष वाचल्या जातात. शेरेबुक कपाटात राहत असे. आजचा शेरा चारचौघांत येतो, आणि त्यात वाक्य नसते. केवळ शाळेचे नाव व त्यापुढे शून्य असते. शाळांच्या या नोंदी पुढे जिल्ह्याच्या श्रेणीलाही लागतात. केंद्र शासनाच्या जिल्हा कामगिरी निर्देशांकात ८३ निर्देशक व ६०० गुण आहेत, आणि त्यांतील बराच भाग यू-डायस प्लसच्या माहितीवर उभा आहे. तेव्हा अधिकाऱ्यालाही वरून विचारणा होते, आणि तो खाली विचारतो.

नोंद आणि वस्तुस्थिती यांतील अंतर कोठे पडते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुलाच्या नावात सापडते.

दरवर्षी शाळेतील मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदे ठरतात. यास संचमान्यता म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक व ६१ पासून ९० पर्यंत तीन. राज्याने या निकषांत वेळोवेळी फेरफार केले आहेत, तथापि एका मुलाने एक पद राहते वा जाते हे तत्त्व तेच आहे. २०२२-२३ च्या संचमान्यतेपासून ही संख्या मोजताना आधार-वैध विद्यार्थी धरण्याचे धोरण आले. आधार-वैध म्हणजे ज्याचे नाव, लिंग व जन्मदिनांक शाळेच्या नोंदीत आणि आधारच्या नोंदीत जुळतात असा. मूल वर्गात बसलेले असते, पाढे म्हणत असते. पण जुळणी झाली नाही तर ते त्या मोजणीपुरते नसते.

आता मराठी नाव रोमन लिपीत लिहिण्याचा प्रश्न घ्यावा. 'ज्ञ' या जोडाक्षराचा उच्चार मराठीत 'द्न्य' असा आणि हिंदीत 'ग्य' असा होतो. ज्ञानेश्वर हे नाव आधार केंद्रावरील चालकाने एका पद्धतीने आणि शिक्षकाने दुसऱ्या पद्धतीने टंकित केले तर दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, आणि यंत्र मात्र दोन मुले पाहते. 'व' साठी रोमनमध्ये दोन अक्षरे चालतात. दीर्घ 'ई' व 'ऊ' साठी कोणी एक अक्षर लिहितो, कोणी दोन. शेवटचा 'अ' कोणी लिहितो, कोणी सोडतो. देवनागरीतही पूजाची पुजा होते. नावाच्या क्रमाचा घोळ निराळाच. मराठवाड्यात नोंदवहीत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असे लिहिण्याचा प्रघात जुना आहे; अन्यत्र आडनाव शेवटी येते. तांड्यावरील आणि मुस्लिम वस्तीतील नावे लिहिताना मराठी कान त्यांना आपल्या वळणावर आणतो. जिल्ह्यातील एका तालुक्याचेच नाव मराठीत वसमत आणि रोमन लिपीतील कागदपत्रांत पुष्कळदा 'ब'ने आरंभ होणारे असे लिहिले जाते. हे गाव जर विद्यार्थी असते तर त्याची पडताळणी झाली नसती.

जन्मदिनांकाचेही तसेच. मागील पिढीत खेड्यातल्या असंख्य माणसांचा जन्म १ जूनला झालेला दिसतो. कारण शाळा जूनमध्ये भरे, आईबापांना तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन सोयीची तारीख टाकीत. ती तारीख पुढे आयुष्यभर प्रमाण मानली गेली, नोकरी व निवृत्ती तिच्यावर ठरली. शिक्षकाच्या लेखणीला तेव्हा एवढा अधिकार होता. आज त्याच शिक्षकाला, समोर बसलेले मूल तेच मूल आहे हे यंत्राला पटवून द्यावे लागते. आणि ते त्याच्या शब्दावर पटत नाही. दुरुस्तीसाठी पालकाने एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या आधार केंद्रावर जावे लागते. कुटुंब तोडणीला गेलेले असेल तर ते मार्चपर्यंत परततही नाही. पद मात्र त्या वर्षीच्या मोजणीत गेलेले असते.

येथे कोणाचा खोटेपणा नाही. २०११ मध्ये जी मुले नव्हती ती कागदावर होती. आज जी आहेत त्यांतील काही पडद्यावर नाहीत. पहिला दोष माणसांनी हेतुतः केला होता, दुसरा लिप्यंतरातून आपोआप होतो. पहिल्याचा फटका शासनाच्या तिजोरीला बसला, दुसऱ्याचा फटका दोन शिक्षकी शाळेला व तिच्यातील मुलांना बसतो.

दुसरे उदाहरण वाचनाचे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने निपुण भारत अभियान सुरू केले, व त्यामागोमाग महाराष्ट्राने आपला कार्यक्रम आखला. तिसरीच्या अखेरीस मुलाने अपरिचित मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने अर्थासह वाचावा असे त्याचे एक लक्ष्य आहे. मूल अडखळत वाचीत असेल तर त्याची शक्ती अक्षरे जुळवण्यातच संपते आणि अर्थासाठी काही उरत नाही, हे मानसशास्त्राने दाखविलेले आहे. म्हणून वेग मोजणे निरर्थक नाही. प्रश्न 'शब्द' या एककाचा आहे.

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहितात, आणि जोडताना नामाचे सामान्यरूप होते. 'शाळेतल्या मुलांसाठी' हे मराठीत दोन शब्द. हिंदीत तोच आशय 'स्कूल के बच्चों के लिए' असा, म्हणजे पाच शब्दांत येतो. 'घरासमोरच्या' हा एकच शब्द वाचण्यासाठी मुलाला घर, त्याचे सामान्यरूप, समोर आणि षष्ठीचा प्रत्यय इतक्या गोष्टी एका दमात ओळखाव्या लागतात. मिनिटाला ६० हा आकडा दोन्ही भाषांत सारखा दिसला तरी दोन्ही मुलांनी केलेले काम सारखे नसते. द्राविड भाषांत हे अंतर आणखी वाढते. ही अडचण तज्ज्ञांच्या लक्षात आली नाही असेही नाही : २०२२ मध्ये झालेल्या पायाभूत अध्ययन अभ्यासात २० भाषांतून तिसरीच्या मुलांची चाचणी घेऊन प्रत्येक भाषेसाठी निराळे मानदंड ठरविण्यात आले. परंतु शाळेच्या भिंतीवरील फलकावर आणि तपासणीच्या तक्त्यात साठाचाच आकडा रूढ झाला. आकड्याचा हा स्वभावच आहे. तो आपल्या अटी मागे ठेवून एकटा प्रवास करतो.

त्यात गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. गोरमाटी ही राजस्थानी गटातील बोली. तिच्यात आई म्हणजे याडी आणि भाकरी म्हणजे बाटी. मराठीप्रमाणे तीन लिंगांची व्यवस्था तिच्यात नाही. त्यामुळे 'ते पुस्तक', 'ते पाणी', 'ते झाड' ही नपुंसकलिंगी रूपे तांड्यावरील मुलाला शाळेतच प्रथम भेटतात. अशा वर्गात पहिलीचा शिक्षक जून ते दिवाळी काय करतो? तो मुलांचे शब्द ऐकतो, दहा-वीस शिकून घेतो, मराठी शब्द त्यांच्याशेजारी ठेवतो, गाणी म्हणवून घेतो, मुलाने घरच्या भाषेत दिलेले उत्तर बरोबर म्हणून स्वीकारतो आणि मग तेच मराठीत पुन्हा सांगतो. अप्रतिम काम करणारा शिक्षकही दिवाळीला एवढेच दाखवू शकेल की मुले आता शाळेत बोलू लागली आहेत. या कामासाठी रकाना नाही. वाचनाच्या रकान्यात त्या वर्गापुढे जो आकडा येतो तो शेजारच्या मराठीभाषी गावापेक्षा कमी असतो, आणि तक्ता दोघांची तुलना करतो. शिक्षक जर केवळ तक्त्याचाच विचार करणारा असेल तर त्याने बोलणे बाजूला ठेवून पहिल्या आठवड्यापासून चाचणीतल्या धाटणीचा मजकूर घोकून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. तो ते करीत नाही, किंवा पुष्कळदा करीत नाही, हे प्रणालीचे श्रेय नव्हे.

शिक्षकाच्या कामाचे व्यापक वर्णन करण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये प्रारंभिक शिक्षकांसाठी कामगिरीचे निर्देशक तयार केले. त्यांत सात मानके आहेत : अध्ययनानुभवांची आखणी, विषयाचे ज्ञान, शिकविण्याच्या रीती, मुले-पालक-सहकारी यांच्याशी संबंध, व्यावसायिक विकास, शाळाविकासातील सहभाग आणि सर्वांत शेवटी शिक्षकाची उपस्थिती. प्रत्येक मानकावर शिक्षकाने प्रथम स्वतःच आपली पातळी ठरवावयाची, अशी चार पातळ्यांची मांडणी आहे. तिच्यामागे विचार आहे. परंतु सातांपैकी यंत्राला सहज टिपता येते ती एकच गोष्ट, शेवटची. मुलाने चूक केली असता शिक्षक काय म्हणाला, हे टिपता येत नाही. तो साडेदहाला शाळेच्या आवारात होता हे टिपता येते. म्हणून कार्यमूल्यमापन संगणकावर आले की सातवे मानक फुगते आणि पहिली सहा आक्रसतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर मुलांच्या दहा-दहांच्या गटांसह शिक्षकाने सेल्फी काढून सरलवर चढवावी अशी योजना राज्यात पुढे आली होती. विरोधानंतर ती बाजूला पडली. उत्तर प्रदेशात जुलै २०२४ मध्ये शिक्षकांची अंकीय हजेरी सक्तीची करण्यात आली आणि शिक्षकांच्या आंदोलनामुळे आठवड्याभरातच स्थगित झाली. दोन्ही प्रसंगी वाद वेळेवर येण्याविषयी नव्हता. आपला शब्द पुरावा म्हणून चालत नाही, हे शिक्षकांना लागले होते.

नोंदीला वेतन जोडण्याचा प्रयोगही झाला. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने १२ वर्षांनंतरची वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी देताना शाळा प्रगत असण्याची व शाळासिद्धीत तिला 'अ' श्रेणी असण्याची अट घातली. शाळासिद्धी हे मुळात स्वयंमूल्यमापन आहे. शाळेने आपले दोष आपणच ओळखावेत हा तिचा हेतू. तिला वेतनश्रेणी बांधली गेल्यावर स्वतःला 'ब' म्हणवून घेणे याचा अर्थ सहकाऱ्यांचे नुकसान करणे असा झाला. आत्मपरीक्षणाचे साधन त्या क्षणी अर्जाचा नमुना बनले. ही अट पुढे मागे घेण्यात आली, ते योग्यच झाले.

शिक्षणाच्या इतिहासात हा धडा अपरिचित नाही. इंग्लंडात १८६२ मध्ये रॉबर्ट लो याने सुधारित नियमावली आणून शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व अंकगणित यांतील तोंडी-लेखी परीक्षेवर ठेवले. मुंबई इलाख्यातही १८६५ च्या सुमारास खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. हिंगोलीचा प्रदेश तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने तो तिच्याबाहेर राहिला. कवी मॅथ्यू आर्नल्ड हा त्या काळी शाळा तपासणीस होता. मुले नेमलेले पुस्तक पाठ करतात आणि शिकवणे यांत्रिक होत चालले आहे, असे त्याने आपल्या अहवालांतून पुनःपुन्हा निदर्शनास आणले. इंग्लंडने ती पद्धत १८९० नंतरच्या दशकात क्रमाने सोडून दिली. डोनल्ड कॅम्बेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये याच अनुभवाला सामान्य नियमाचे रूप दिले : सामाजिक निर्णयांसाठी एखादा संख्यात्मक निर्देशक जितका अधिक वापरावा तितका तो भ्रष्ट होण्याचा संभव वाढतो, आणि ज्या प्रक्रियेवर त्याने नजर ठेवावयाची तीच प्रक्रिया तो विकृत करतो.

नोंदीला काही जोडले की नेहमी वाईटच होते, असा निष्कर्ष मात्र काढू नये. २७ फेब्रुवारी २०१७ च्या धोरणानंतर जिल्हांतर्गत बदल्या संगणकीय प्रणालीतून होऊ लागल्या. तत्पूर्वी बदलीसाठी कोणाकोणाचे उंबरठे झिजवावे लागत, हे मराठवाड्यातील शिक्षकांना सांगावयास नको. अवघड क्षेत्रातील सेवा, वय, आजार, पती-पत्नीच्या शाळांमधील अंतर या गोष्टी नियमात बसणाऱ्या होत्या, मोजता येणाऱ्या होत्या. तेथे यंत्राने माणसापेक्षा अधिक न्याय केला. तक्रारी तेथेही झाल्या, पण त्या नियमाविषयी झाल्या. भेद असा आहे की बदली हा मुळातच प्रशासकीय व्यवहार आहे. शिकवणे तसे नाही.

आता या व्यवस्थेच्या भाषेकडे वळावे. परिपत्रकांतील मराठी प्रयोगाच्या दृष्टीने मोठी लक्षणीय आहे. 'माहिती भरण्यात यावी', 'कार्यवाही करण्यात यावी', 'अहवाल सादर करण्यात यावा', अशा रचनांत कर्ता नाही. कोणी भरावी, केव्हा भरावी, कोणते काम सोडून भरावी, हे वाक्यात येत नाही. वर्ग चालू असताना हे करणे शक्य आहे काय, असा प्रश्न ज्याला विचारावा तो कर्ताच अनुपस्थित असतो. तोच कर्ता परिच्छेदाच्या शेवटी अचानक प्रकट होतो : विलंब झाल्यास मुख्याध्यापक व्यक्तिशः जबाबदार राहतील. काम कर्त्यावाचून, जबाबदारी मात्र कर्त्यासह, ही वाक्यरचना प्रशासनाला फार सोयीची आहे.

शिक्षकांच्या आपापसांतील बोलण्यात 'भरणे' हे क्रियापद ज्या प्रमाणात वाढले आहे त्यावरूनही पुष्कळ कळते. पूर्वी शाळा भरत असे; ते अकर्मक क्रियापद होते. आता हजेरी भरावयाची असते, गुण भरावयाचे असतात, लिंक भरावयाची असते. 'झाले का?' या प्रश्नाचा शिक्षककक्षातील अर्थ, भरून झाले का, असा असतो. 'हजर' या शब्दाचेही असेच. नाव पुकारल्यावर मूल 'हजर' म्हणते तेव्हा ते केवळ माहिती देत नाही. ऑस्टिन ज्यांना कृतिरूप उच्चार म्हणतो त्या जातीचे ते वचन आहे. त्या एका शब्दाने मूल वर्गात दाखल होते, आणि आवाजावरून शिक्षकाला त्याची प्रकृतीही कळते. पडद्यावरील खूण मुलाच्या वतीने दुसरा कोणी करतो. दोन्ही नोंदींचा आकडा एकच येतो.

'अशैक्षणिक काम' या संज्ञेतही एक अडचण दडलेली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका एवढे सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक कामे देण्यास मनाई केली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या कामांचे वर्गीकरणही जाहीर केले. परंतु आपल्याच वर्गातील मुलांचे गुण व हजेरी भरणे हे नावाने शैक्षणिकच आहे. 'अ' हा उपसर्ग एकच रेघ ओढतो आणि सर्व कामे तिच्या या वा त्या बाजूला लोटतो. मधले काम, जे मुलांविषयी आहे पण मुलांबरोबर नाही, त्याला मराठीत अद्याप नाव नाही. ज्या कामाला नाव नाही त्याच्या वेळेचा हिशेब मागता येत नाही, आणि शिक्षक संघटनांची कैफियत पुष्कळदा येथेच अडते.

या संदर्भात एक गोष्ट संशोधकांनी हाती घेण्याजोगी आहे. यू-डायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या माहितीत मातृभाषेचा रकाना आहे. तो काळजीपूर्वक भरला गेला तर हिंगोलीतील कोणत्या शाळेत किती मुले गोरमाटी किंवा उर्दू घरातून येतात हे कळू शकते. जनगणनेतून ते शाळेच्या पातळीवर कधीच कळत नाही. मात्र शाळेचे माध्यम मराठी म्हणून सर्वांच्या पुढे मराठी टाकून मोकळे होणे सोपे असते, आणि ते चुकले म्हणून कोणाची विचारणा होत नाही, कारण या रकान्याला काहीच जोडलेले नाही. वाचनाचे गुण दुसऱ्या प्रणालीत आहेत. दोन्ही रकाने एकाच मुलाचे आहेत. तांड्यावरील शाळेचा वाचनाचा आकडा वाचताना ते अद्याप शेजारी शेजारी ठेवले जात नाहीत.